ड्रोनमधून दिसणारे जुने कोल्हापूर : बुजलेली तळी, वेशी आणि किरणोत्सवाची रेषा

पंचगंगाकाठ

कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते, असे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना, गांधी मैदानावर सभा ऐकताना किंवा शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल पाहताना आपण एका बुजवलेल्या तळ्यावर उभे आहोत, हे कोणाच्या मनातही येत नाही, कारण चहूबाजूंच्या इमारतींमुळे जमिनीचा उतार नजरेला जाणवतच नाही. गांधी मैदान म्हणजे जुने वरुणतीर्थ, स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचे तळे आणि मंडईच्या जागी कपिलतीर्थ. ही नावे बहुतेकांना ठाऊक असतात. या तळ्यांचा आकार आणि पाण्याची वाट मात्र फार थोड्यांना सांगता येते. हौस म्हणून घेतलेल्या छोट्या ड्रोनचा उपयोग मी गेल्या काही काळापासून याच कामासाठी करीत आहे. इतरांनीही आपले अनुभव लिहावेत, म्हणून हा धागा काढला आहे.

नियमांचे आधी सांगतो, म्हणजे चर्चा तिथेच अडकून राहणार नाही. विमानतळ शहराच्या आग्नेयेला उजळाईवाडीला आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतचा पट्टा पिवळा असतो आणि तेथे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. त्यापुढे १२ किलोमीटरपर्यंत ६० मीटर म्हणजे २०० फुटांपर्यंत आणि त्याहीपलीकडे हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत उडवता येते. आपल्या बहुतेक जुन्या पेठा पिवळ्या पट्ट्यात येतात. रंकाळ्याचा पश्चिम काठ आणि त्यापलीकडचा शिवार तुलनेने मोकळा आहे. तरीही 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशी सकाळी पाहूनच घराबाहेर पडावे. ड्रोनची नोंदणी करून क्रमांक घेणे आवश्यक आहे. दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायासाठी नव्हे तर हौसेसाठी उडवणाऱ्याला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र प्रमाणपत्र नको म्हणजे परवानगीही नको, असा सोयीस्कर अर्थ काहीजण काढतात, तो चुकीचा आहे. गांधी मैदान आणि स्टेडियम यांची छायाचित्रे मी स्वतः उड्डाण करून घेतलेली नाहीत; रीतसर परवानगी घेऊन सर्वेक्षण करणाऱ्या एका चालकाबरोबर राहून ती मिळवली. रंकाळा, इराणी खण आणि नदीकाठची छायाचित्रे माझी आहेत.

आता मूळ विषयाकडे वळतो. गांधी मैदानाचे छायाचित्र आम्ही मुद्दाम पाऊस उघडल्यानंतर लगेच, सकाळच्या तिरप्या उन्हात घेतले. भर दुपारच्या चित्रात मैदान सपाट आणि मातकट दिसते, तर सकाळच्या चित्रात त्याच मैदानावर एका कडेला कोयरीच्या आकाराचा गडद डाग दिसतो, कारण तिथली माती बाकीच्या मैदानापेक्षा उशिरा वाळते. त्या डागाच्या निमुळत्या टोकापासून पुढे पाहत गेले तर घरांच्या रांगांमधली एक गल्ली आजूबाजूच्या सरळ गल्ल्यांशी न जुळता वाकडी गेलेली दिसते. हा तळ्याच्या सांडव्याचा जुना मार्ग असावा, असा माझा अंदाज आहे. मैदानात पावसाचे पाणी साचते, ही तक्रार शिवाजी पेठेत नेहमीची आहे. त्या पाण्याला जुनी वाट पुसून टाकल्यामुळे जायला जागा उरलेली नाही, हे चित्रात एका दृष्टिक्षेपात कळते.

रंकाळ्याचे चित्र निराळे आहे. हा तलाव मुळात दगडाची खाण होता, असे परंपरेने सांगतात, आणि वरून पाहिले की शेजारच्या इराणी खणीकडे बघून त्या सांगण्यावर विश्वास बसतो. खणीच्या कडा सरळ कापलेल्या आणि कोनाकोनांच्या आहेत, तर रंकाळ्याचा काठ कालांतराने भर पडून मऊ झाला आहे. काठाजवळ पाण्यात उभा असलेला संध्यामठ पाणी भरले की बुडतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. महिन्याच्या अंतराने, त्याच उंचीवरून आणि त्याच कोनातून त्याची चित्रे घेऊन ठेवली, तर पाणीपातळीची बरी नोंद तयार होईल.

नकाशेकर

धागा उत्तम आहे. मात्र एक शंका आहे आणि ती जरा स्पष्टच लिहितो. हे सगळे गुगल अर्थवर फुकट दिसत असताना परवानग्या, बॅटऱ्या आणि लोकांच्या नजरा एवढे सगळे सोसून ड्रोन उडवण्यात हौसेपलीकडे काय आहे? उपग्रहाच्या चित्रांत तर मागच्या वर्षांची चित्रेही पाहता येतात, तुमच्या ड्रोनला तेही जमणार नाही.

पंचगंगाकाठ

मागच्या वर्षांबद्दल तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, आणि मीही आधी तीच चित्रे चाळतो. फरक वेळेचा आणि कोनाचा आहे. उपग्रहाचे चित्र बहुधा निरभ्र दिवशी, ऊन चांगले वर आलेले असताना आणि जवळपास सरळ खाली पाहून घेतलेले असते. त्यामुळे हातभर उंचीचे चढउतार त्यात नाहीसे होतात. पाऊस थांबल्यानंतर दोन तासांनी किंवा सूर्य मावळायला अर्धा तास असताना, कॅमेरा तिरपा धरून घेतलेले चित्र आपल्याला हवे असेल, तर ते आपणच घ्यावे लागते. गांधी मैदानाचा तो डाग मला गुगलवर एकाही वर्षाच्या चित्रात सापडला नाही.

जुना मंगळवारकर

वाचून समाधान वाटले. मी मंगळवार पेठेत वाढलो असून आता सत्तरीच्या घरात आहे, तेव्हा थोडे खालून पाहिलेले सांगतो.

प्रत्येक खोलगट जागा म्हणजे तळे, असे कृपया धरून चालू नका. आपल्या शहराला तट होता आणि तटाबाहेर खंदक होता. गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस ही नावे आपण रोज बस थांब्यासारखी उच्चारतो, पण त्या खरोखरीच्या वेशी होत्या. बिंदू चौकात कारागृहाच्या बाजूला तटाची भिंत आणि बुरूज आजही उभा आहे. तिथून तटाची रेषा धरून तुमच्या चित्रावर पुढे गेलात, तर काही खोलगट पट्टे तळ्यांचे नसून खंदकाचे निघतील. दोहोंत फरक कसा ओळखायचा, तर खंदक लांबट आणि साधारण सारख्या रुंदीचा असतो, तळे पसरट असते आणि त्याच्या काठावर बहुधा एखादे देऊळ असते. रावणेश्वराचे देऊळ स्टेडियमच्या लगत आहे, ते उगाच नाही.

दुसरे म्हणजे पाणीपुरवठ्याचा धागा सोडू नका. कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराला पाणी देण्यासाठी बांधला गेला. तेथून पाणी उताराने, पंपाशिवाय, शहरात येत असे आणि आमच्या पेठेतल्या 'पाण्याच्या खजिन्या'त साठत असे. खजिना ही जागा आजही पत्ता सांगण्याच्या कामाला येते, परंतु ती तिथेच का बांधली, हे विचारले तर तरुण पोरे खांदे उडवतात. खजिना पेठेच्या उंच भागावर आहे. तेथून खाली घरोघरी पाणी चढवावे लागत नाही, आपोआप उतरते. कळंब्यापासून खजिन्यापर्यंतची रेषा एका चित्रात आली, तर शाळेतल्या मुलांना समजावून सांगणे फार सोपे जाईल.

बावड्याची लेक

काका, खजिन्याबद्दल अगदी मनापासून आभार. माझे आजोळ तिथलेच असून मलाही हे ठाऊक नव्हते.

मी कसबा बावड्याची असल्याने पुराविषयी लिहिते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे आकडे आमच्याकडे पावसाळ्यात लहान मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेवढ्याच भीतीने आम्ही सामान माळ्यावर चढवले. पूर आल्यावर ड्रोनची चित्रे समाजमाध्यमांवर पुष्कळ फिरतात, पण त्यांतली बहुतेक घाईने वाहिन्यांसाठी घेतलेली असतात आणि कुठली जागा, कुठली वेळ, किती उंची, यांपैकी काहीही त्यांवर नसते. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

पूर ओसरल्यानंतर आठवडाभरात घेतलेली चित्रे जास्त बोलकी असतात, असे माझे निरीक्षण आहे. चिखली आणि आंबेवाडीच्या बाजूला उसाच्या पानांवर गाळ वाळून राखाडी थर बसतो आणि पाणी जिथपर्यंत पोचले तिथे हिरवा आणि राखाडी यांच्यात एक रेघ तयार होते. जमिनीवरून ती प्रत्येक बांधावर तुटक दिसते, वरून ती सलग दिसते. पुढचा मोठा पाऊस झाला की पाने धुऊन निघतात आणि रेघ नाहीशी होते. तेवढ्याच काळात ती टिपावी लागते. एक विनंती मात्र आहे. बचावकार्य चालू असताना कोणीही ड्रोन उडवू नये, मग परवानगी असो वा नसो. बोटी आणि हेलिकॉप्टर यांच्या कामात अडथळा आणणाऱ्या हौसेला आमच्या भागात कोणी माफ करणार नाही.

पंचगंगाकाठ

गाळाच्या रेघेची कल्पना फार मोलाची आहे. चिखलीजवळ प्रयाग संगम आहे, जिथे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात आणि पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते; तो भाग उड्डाणासाठी शहरापेक्षा बराच सोपा आहे. तेथून शहराकडे पाहिले की ब्रह्मपुरीची टेकडी नदीकाठावर उठून दिसते आणि जुनी वस्ती याच उंचवट्यावर का झाली असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. ब्रह्मपुरीला १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथेच मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. नदीकाठच्या एका उंचवट्यावर रोमशी असलेल्या व्यापाराचा पुरावा सापडावा, ही गोष्ट मला आजही अचंब्यात टाकते.

मात्र ब्रह्मपुरी केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिच्यामुळे शिवाजी पुलाच्या पर्यायी पुलाचे काम किती काळ रखडले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे टेकडीवर ड्रोन नेण्याचा विचारही करू नये. नदीपलीकडून, लांबूनच चित्र घ्यावे.

आकाशकंदील

मी ड्रोन दुरुस्त करतो, त्यामुळे इतिहासापेक्षा यंत्राचे लिहितो. उंचीच्या आकड्यांवर विसंबून कोणी 'इथे दोन मीटर खोलगट आहे' असे लिहू नका. हौशी ड्रोनवरचा उंचीचा आकडा हवेच्या दाबावरून काढलेला असतो आणि तो उड्डाणाच्या जागेपासून मोजलेला असतो, समुद्रसपाटीपासून नव्हे. उपग्रहांवरून मिळणारी उंची तर काही मीटरने इकडेतिकडे होते. एकमेकांवर चढलेली भरपूर छायाचित्रे घेऊन संगणकावर जमिनीचे प्रतिरूप तयार करता येते, परंतु जमिनीवरचे दोन-चार बिंदू डंपी लेव्हलने, म्हणजे जमिनीची उंची मोजण्याच्या दुर्बिणीने, मोजून त्याला जोडले नाहीत, तर ते प्रतिरूप एका बाजूला कलते आणि नसलेला उतार दाखवते. ज्यांच्याकडे लेव्हल नाही, त्यांनी पावसात छत्री घेऊन गटारीचे पाणी कुठल्या दिशेला वाहते ते पाहावे. पाणी खोटे बोलत नाही.

रंकाळ्यावर उडवणाऱ्यांनी घारींकडे लक्ष ठेवावे. घार ड्रोनभोवती घिरट्या घालू लागली, तर पळ काढण्याच्या नादात खाली आणू नका. सरळ वर न्या, कारण घार वरून झेप घेते आणि तिला तितक्या वेगाने चढता येत नाही. उंचीची मर्यादा मात्र तेव्हाही विसरू नका. पाण्यात पडलेला ड्रोन माझ्याकडे आणून काही उपयोग होत नाही, हे मी दर महिन्याला कोणा ना कोणाला सांगतो.

पुणेस्थ करवीरकर

किरणोत्सवाचा उल्लेख धाग्याच्या नावात आहे, पण अजून कोणी त्याबद्दल लिहिलेले नाही. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. दर वर्षी बातमी येते की अमुक इमारतीमुळे किरणे अडली किंवा ढगांमुळे पोचली नाहीत. ड्रोनच्या चित्रावर ती रेषा काढून अडथळे नेमके दाखवता येतील का?

पंचगंगाकाठ

काढता येईल, आणि त्यासाठी मंदिरावर ड्रोन नेण्याची गरज नाही. गर्दीच्या दिवसांत तर तो नेऊच नये.

दोन वेगवेगळ्या महिन्यांत एकच घटना का घडते, हे आधी पाहू. दक्षिणायनाचा शेवट २१-२२ डिसेंबरला होतो. १० नोव्हेंबर त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी आणि १ फेब्रुवारी सुमारे सहा आठवडे नंतर येते, म्हणून दोन्ही दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास सारखाच, सुमारे १७ अंशांवर असतो आणि क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर ते ठिकाण पश्चिमेपासून साधारण १७ ते १८ अंश दक्षिणेकडे सरकलेले असते. मंदिराच्या नकाशावर गाभाऱ्यापासून महाद्वारातून ही रेषा बाहेर काढली, की ती रंकाळ्याच्या दिशेने जाते. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एक अरुंद पट्टा आखायचा आणि त्या पट्ट्यात येणाऱ्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, फलक आणि वाढलेली झाडे तपासायची. किरणे आत येतात तेव्हा सूर्य क्षितिजाच्या अगदी जवळ असल्याने एखाद्या गच्चीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा पुरतात. मजल्यांची उंची वरून घेतलेल्या चित्रात कळत नाही. त्यासाठी रंकाळ्याच्या बाजूने, कमी उंचीवरून, मंदिराकडे पाहणारे चित्र हवे. इतके करूनही त्या संध्याकाळी क्षितिजावर धूर, धूळ किंवा बाष्प असेल तर किरणे मंद होतात, आणि तिथे कुठलीच इमारत दोषी नसते. बातम्यांमध्ये या दोन कारणांची सरमिसळ फार होते.

उत्तरेश्वरकर

गच्च्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आमच्या पेठेत एका संध्याकाळी ड्रोन घरघरत आला आणि पापड वाळत घालणाऱ्या बायका आत पळाल्या. उडवणारा कोण, कशासाठी, काहीच कळेना. शेवटी तालमीतली चार पोरे त्याला शोधत फिरली. तुम्ही सगळे अभ्यासासाठी उडवता हे मान्य आहे, पण वर पाहणाऱ्याला अभ्यासू ड्रोन आणि चोरटा ड्रोन सारखाच दिसतो.

बावड्याची लेक

उत्तरेश्वरकरांशी शंभर टक्के सहमत. आदल्या दिवशी गल्लीत जाऊन, शक्यतो तालमीत किंवा मंडळात सांगून यावे, उद्या सकाळी अमुक वाजता इतका वेळ उडवणार आहोत, आणि ज्यांना पाहायचे असेल त्यांना रिमोटच्या पडद्यावर दाखवावे. याचा दुसरा फायदा असा की पडदा पाहायला आलेल्या आजी लगेच सांगू लागतात की ही विहीर अमक्याच्या परड्यात होती आणि तो रस्ता पूर्वी नव्हता. ती माहिती चित्रापेक्षा दुर्मीळ असते.

जुना मंगळवारकर

खासबागेविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तेव्हा त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि त्या धर्तीवर १९१२ साली कुस्तीचे हे मैदान उभे राहिले, असे आपण सांगतो. मधल्या हौदापासून चहूकडे चढत जाणाऱ्या उतारावर शेवटच्या माणसालाही पैलवानाचा पट दिसावा, अशी ती रचना आहे. तिच्या लगतचे केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे मूळचे १९१५ चे पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. मैदान आणि नाट्यगृह हे एकाच कल्पनेचे दोन भाग होते, हे वरून पाहणाऱ्याला चटकन पटावे. नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची परवानगीने घेतलेली चित्रे कोणीतरी जपून ठेवायला हवीत. जळण्यापूर्वीच्या छपराचे वरून घेतलेले चांगले चित्र कोणाकडे असेल, तर त्यांनी इथे जरूर लिहावे.

नकाशेकर

माझी सुरुवातीची शंका आता बरीच फिटली आहे, तेव्हा उपयोगाचे काहीतरी लिहितो. मुंबई गॅझेटियर या इंग्रजी अमदानीतल्या सरकारी माहितीग्रंथाचा कोल्हापूर खंड १८८६ चा आहे, म्हणजे रेल्वे येण्याच्या पाच वर्षे आधीचा. त्यातले शहराचे वर्णन वाचून मग चित्रे पाहिली, तर १८९१ नंतर स्टेशनच्या बाजूला वाढलेली सरळ आखलेली शाहूपुरी आणि तटातली वाकडीतिकडी जुनी पेठ यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. नगर भूमापनाच्या जुन्या पत्रकांवर नगर भूमापन क्रमांक असतात. ड्रोनचे चित्र क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत त्या पत्रकावर बसवताना देवळाचे कोपरे, विहिरींचे काठ आणि दगडी पुलांची टोके हे बिंदू धरावेत, कारण घरांचे कोपरे शंभर वर्षांत जागेवर राहिलेले नसतात.

पंचगंगाकाठ

नकाशेकर, पत्रके बसवण्याचे काम तुम्ही अंगावर घेणार असाल, तर वरुणतीर्थापासून सुरुवात करू. मूळ छायाचित्रे मी आकार कमी न करता पाठवतो, कारण समाजमाध्यमांतून पाठवली की त्यांतली जागेची आणि वेळेची नोंद पुसली जाते. फाइलच्या नावात आधी तारीख, मग जागा, मग उंची आणि शेवटी कॅमेऱ्याची दिशा, असा क्रम ठेवतो आहे. इतरांनीही तोच ठेवला, तर पुढे जुळवाजुळव करणे सोपे जाईल. मंगळवारकर काका, तटाची रेषा बिंदू चौकापासून नकाशावर पेन्सिलीने काढून द्याल का? रविवारी सकाळी खजिन्यापाशी मी येऊ शकतो.

जुना मंगळवारकर

आठच्या आत या, नंतर ऊन चढते आणि माझा गुडघा बोलू लागतो. नकाशाची मोठी प्रत आणा, लहान अक्षरे मला दिसत नाहीत.